काचेतलं जंगल आणि आपलं व्रत



"मुलाला डार्ट फ्रॉग पाळायचे आहेत. कुत्रा-मांजर आम्हीच नको म्हटलं होतं, मांसाचे डबे घरात यायला नकोत म्हणून. पण बेडूक तर एवढासा, काचेच्या पेटीत राहणार, भोवती नुसती झाडं. मग हरकत काय?" अमेरिकेत राहणाऱ्या आपल्या काही मैत्रिणींनी गेल्या वर्षभरात थोड्याफार फरकाने हाच प्रश्न विचारला. प्रत्येकीला वेगळं उत्तर देण्यापेक्षा एकदा नीट मांडावं, म्हणून हा लेख.

माझं मत आधीच सांगते. झाडांची पेटी करा, हौसेने करा. बेडूक मात्र आणू नका. कारणं सविस्तर देते, कारण "आपल्यात चालत नाही" एवढ्यावर आजची मुलं थांबत नाहीत. थांबूही नये. आपला धर्म प्रश्नांना घाबरणारा नाही.

आधी हे बेडूक कोण ते बघू. मध्य आणि दक्षिण अमेरिकेच्या पावसाळी जंगलांत, म्हणजे कोस्टा रिका, पनामा, कोलंबिया, पेरू, सुरिनाम, ब्राझील या भागांत हे राहतात. बहुतेक जाती दीड-दोन इंचांच्या आत. आपले बेडूक मातकट आणि रात्री हिंडणारे. हे दिवसा हिंडतात आणि रंग तर असे, की पैठणीवाल्याने बघत राहावं. निळा, केशरी, पिवळाजर्द, हिरव्यावर काळा. हा रंग म्हणजे इशारा असतो, कारण अंगात विष असतं. कोलंबियातले एंबेरा लोक फुंकनळीच्या बाणांची टोकं सोनेरी डार्ट फ्रॉगच्या पाठीवर घासून विषारी करत, म्हणून हे नाव. गंमत अशी की विष त्यांचं स्वतःचं नसतं. जंगलातल्या मुंग्या, कोळीवर्गातले अतिसूक्ष्म जीव, बारीक भुंगे खाऊन ते अंगात साठतं. काचेच्या पेटीत वाढलेल्या बेडकाला तो आहार मिळत नाही, त्यामुळे त्याच्यात विष नसतं.

आणि माया बघाल तर थक्क व्हाल. कित्येक जातींत बाप अंड्यांना ओलावा देत राखण करतो, पिल्लं बाहेर आली की त्यांना पाठीवर घेऊन झाडावर चढतो आणि ब्रोमेलियाडच्या पानांच्या बेचक्यात साठलेल्या पाण्यात नेऊन सोडतो. एका लहान लाल जातीत आई मग दर थोड्या दिवसांनी त्या पाण्याशी परत येते आणि पिल्लाला खायला आपलं एक न फळलेलं अंडं घालून जाते. बेडूक म्हणजे संज्ञी पंचेंद्रिय जीव, हे आपण पाठशाळेत पाठ केलं. इथे ते डोळ्यांना दिसतं.

त्यांच्यासाठी जी पेटी करतात तिला व्हिव्हेरियम म्हणतात. तिची रचना समजून घ्या, कारण पुढचा सगळा मुद्दा तिथेच आहे. साधारण दीड फूट लांब, रुंद, उंच अशी काचेची पेटी. तळाला भाजक्या मातीच्या हलक्या गोळ्यांचा दोनेक इंचांचा थर, म्हणजे जास्तीचं पाणी खाली साठतं. त्यावर जाळी. जाळीवर नारळाचा काथ्या, झाडाची साल, कोळसा, शेवाळ यांचं भुसभुशीत मिश्रण आणि त्यावर वाळलेल्या पानांचा थर. मागच्या काचेला फोम आणि सिलिकॉन लावून त्यात कॉर्कच्या साली बसवतात, की झाडाचं खोड उभं राहिल्यासारखं दिसतं. मग झाडं लावायची: ब्रोमेलियाड, पेपरोमिया, भिंतीवर चढणारं बारीक पानांचं फायकस, मनी प्लांट, नेचे. वर एलईडी दिवा आणि दिवसातून काही वेळा धुकं सोडणारा फवारा. तापमान २२ ते २६ अंश, हवेत ऐंशी टक्क्यांच्या वर ओलावा. पारा तिशीला गेला तर बेडकाच्या जिवावर बेतू शकतं. झाडं रुजेपर्यंत महिना-दीड महिना पेटी नुसती ठेवायची.

अशी मुरलेली पेटी फार सुंदर दिसते, त्यात वाद नाही. काचेवर बाष्प, पानापानावर थेंब, कोपऱ्यात ओल्या मातीचा वास. मला तर तो काचेत कोंडलेला चातुर्मासच वाटतो. पण चातुर्मासात आपले मुनिमहाराज विहार का थांबवतात, ते आठवा. पाऊस पडला की जमीन जिवांनी भरून जाते आणि पाऊल टाकणं म्हणजे हिंसा होते. ओलावा म्हणजे जीव. हा ओलावा आपण बारा महिने, मुद्दाम, घरात निर्माण करतो तेव्हा त्याच्याबरोबर काय काय येतं?

सुरुवातीलाच येतं. झाडं लावण्याआधी ती पातळ ब्लीचच्या पाण्यात बुडवायची पद्धत आहे, पानांना चिकटलेल्या गोगलगाई आणि त्यांची अंडी मरावीत म्हणून. वाळकी पानं उकळून घेतात, त्याच कारणासाठी. मग त्याच मातीत स्प्रिंगटेल नावाचे पांढरे बारीक जीव आणि पाणकिडे दिसतात तसे छोटे आयसोपॉड विकत आणून सोडतात. ते बुरशी आणि विष्ठा खाऊन पेटी स्वच्छ ठेवतात आणि अधूनमधून बेडकाच्या तोंडीही पडतात.

पण खरा प्रश्न रोजच्या जेवणाचा. डार्ट फ्रॉग फक्त हलणारा जिवंत जीव खातो. भात, डाळ, कणीक, कोरडं खाद्य, काहीही पुढे ठेवा, त्याला ते अन्न वाटतच नाही. म्हणून घरोघरी फळमाश्या वाढवतात. केळी जास्त पिकली की भोवती जमणारी चिलटं असतात ना, तीच. फक्त निवडून तयार केलेल्या अशा वाणाची की ज्यांना उडता येत नाही. काहींना पंखच नसतात. प्लॅस्टिकच्या पेल्यात बटाट्याच्या वाळक्या चुऱ्याचा, साखर, यीस्ट आणि व्हिनेगर घातलेला लगदा भरायचा, त्यात माश्या सोडायच्या, वर जाळीचं झाकण. दोनेक आठवड्यांत पेला अळ्यांनी आणि नव्या माश्यांनी भरतो. रोज त्यातल्या थोड्या दुसऱ्या पेल्यात झटकायच्या, कॅल्शियम-जीवनसत्त्वाच्या पावडरीत घोळवायच्या आणि पेटीत टाकायच्या. दर आठवड्याला नवा पेला लावावा लागतो, नाहीतर साखळी तुटते. आणि जुना, महिनाभराचा पेला? त्यात उरलेल्या माश्या-अळ्यांसकट तो फ्रीझरमध्ये ठेवून मग टाकून देतात. ज्या फ्रीझरमध्ये आपण मटार ठेवतो, त्याच.

हिशेब करून बघा. समजा एक बेडूक दिवसाला वीस माश्या खातो. हे कमीच धरलं. दोन बेडकांना दिवसाला चाळीस, वर्षाला १४ हजार ६००. हे बेडूक नीट सांभाळले तर दहा वर्षं सहज जगतात. म्हणजे दहा वर्षांत जवळजवळ दीड लाख. फ्रीझरमधल्या वेगळ्या.

माशी चतुरिंद्रिय आहे. स्पर्श, रस, घ्राण, चक्षू. ती त्रस जीव आहे, आणि त्रस जिवाची संकल्पी हिंसा हा श्रावकाने पूर्ण सोडण्याचा विषय आहे. स्वयंपाक, झाडलोट, शेती, व्यवसाय यांत जी हिंसा घडते ती आपण टाळू पाहतो आणि उरते तिची आलोचना करतो. ती आरंभी-उद्योगी. पण जीव जन्माला घालायचा, तोच मुळी दुसऱ्याच्या तोंडी देण्यासाठी, आणि दर आठवड्याला नेमाने, याला आरंभी म्हणायला माझी जीभ वळत नाही.

"पण जंगलात तरी बेडूक माश्याच खाणार ना?" हा प्रश्न मुलं हटकून विचारतात, आणि तो चांगला आहे. उत्तर असं: जंगलात तो खातो ते त्याच्या आणि त्या जिवाच्या कर्माचं. तिथे करणारे आपण नाही, करवणारे नाही, अनुमोदन देणारेही नाही. पेटीत मात्र माशी वाढवतो आपण, झटकतो आपण, आणि त्याने जीभ बाहेर काढून टिपली की "किती गोड" म्हणतो आपण. कृत, कारित, अनुमोदित, तिन्ही एका मिनिटात होतात.

आता दुसरी बाजू. तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात अहिंसाणुव्रताचे पाच अतिचार दिले आहेत: बंध, वध, छेद, अतिभारारोपण आणि अन्नपाननिरोध. पहिला बघा, बंध, म्हणजे जिवाला बांधून-कोंडून ठेवणं. पेटी कितीही सुंदर असली तरी तिला दार आहे आणि दाराची कडी आपल्या हातात आहे. शेवटचा बघा, अन्नपाननिरोध, अन्नपाणी तोडणं. म्हणजे बेडूक घरात आला की दोन्हीकडून अडकलो. खायला घालावं तर माश्यांची हिंसा, न घालावं तर व्रताचा अतिचार. बेडकाला उपास घडवून आपलं पुण्य वाढत नाही. ज्या वाटेवर पुढे गेल्यावर दोन्ही बाजूंना दोषच आहे, त्या वाटेला पहिलं पाऊल टाकण्याआधीच थांबायचं असतं.

आपल्या समाजाने हा पेच पूर्वी कसा सोडवला त्याचं एक उदाहरण मला फार आवडतं. दिल्लीच्या लाल मंदिरातलं पक्ष्यांचं रुग्णालय तुमच्यापैकी अनेकींनी पाहिलं असेल. तिथे कबुतरं, पोपट दाखल करून घेतात. जखमी शिकारी पक्षी आला तर उपचार त्याच्यावरही करतात, पण तिथल्या रीतीप्रमाणे त्याला मुक्कामाला ठेवून घेत नाहीत, कारण ठेवला तर मांस द्यावं लागेल. त्याचा तिरस्कार नाही आणि त्याला उपाशीही ठेवायचं नाही. फक्त ज्याचं पोट आपल्या व्रतात भरता येत नाही त्याला आपल्या छपराखाली ठेवायचं नाही. डार्ट फ्रॉगलाही मी हाच न्याय लावते.

काही जणी म्हणतील, आता हे बेडूक पैदास केंद्रांतच जन्मतात, जंगलाचं नुकसान कुठे? यात तथ्य आहे. सामान्य जातींचे बहुतेक बेडूक आज पेटीतच जन्मलेले असतात, आणि कोलंबियात कायदेशीर पैदास करून चोरट्या व्यापाराला पर्याय देण्याचे प्रयत्नही झाले आहेत. पण हौस एकदा लागली की ती सामान्य जातीवर थांबत नाही. दुर्मिळ रंग हवा होतो. २०१९ मध्ये बोगोटाच्या विमानतळावर कॅमेऱ्याच्या फिल्मच्या डब्यांत कोंबलेले चारशेहून अधिक डार्ट फ्रॉग पकडले गेले. जर्मनीला निघालेले. त्यातले कित्येक वाटेतच मेले होते. पैठणी हौसेने नेसणारीला तिच्यासाठी उकळलेले कोश दिसत नाहीत, तसंच हे. म्हणून तर आपल्यातल्या कितीतरी जणींनी रेशीम सोडलं.

आणि रोगाचं काय? जगभरातल्या बेडकांना मारणारी एक बुरशी आहे. १९९९ साली तिला शास्त्रीय नाव मिळालं, तेव्हा ती ज्याच्या अंगावर अभ्यासली गेली तो वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय प्राणिसंग्रहालयात मेलेला निळा डार्ट फ्रॉग होता. बुरशीचं नावही या बेडकांच्या कुळावरूनच ठेवलं. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासानुसार या प्रकारच्या बुरशीमुळे बेडूकवर्गातल्या किमान ५०१ जाती घटल्या आणि त्यांपैकी ९० नामशेष झाल्याचं मानलं जातं. ती जगभर पसरली त्याला माणसाने बेडूक इकडून तिकडे नेणं हे एक मोठं कारण आहे.

भारतातल्या मैत्रिणींसाठी एक ओळ: हे बेडूक आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण असलेल्या प्राण्यांच्या यादीत आहेत, आणि वन्यजीव कायद्यातल्या २०२२ च्या दुरुस्तीनंतर असे प्राणी बाळगायचे तर सरकारदरबारी नोंदणी करावी लागते. कुणी "कागदपत्रं लागत नाहीत" म्हणून विकत असेल तर दोन पावलं मागे या.

बेडूक म्हटल्यावर आपल्याला राजगृहीची कथा आठवतेच. दिगंबर परंपरेत आपण ती ऐकतो ती अशी, की कमळाची पाकळी तोंडात धरून महावीर भगवंतांच्या दर्शनाला निघालेला बेडूक श्रेणिक राजाच्या हत्तीच्या पायाखाली येतो आणि त्या भावाने देवगतीला जातो. समंतभद्राचार्यांनी रत्नकरंड श्रावकाचारात पूजेच्या फळाचा दाखला म्हणून त्याच बेडकाचं नाव घेतलं आहे. श्वेतांबर परंपरेत ज्ञाताधर्मकथेत हीच कथा नंद मणियाराची म्हणून येते, आणि तिचा पूर्वार्ध या विषयाला अगदी लागू पडतो. नंद हा व्रती श्रावक. हळूहळू व्रतात ढिला पडला. उपवासात तहान लागली तेव्हा त्याच्या मनात पाण्याचा विचार आला, आणि पुढे त्याने एक देखणी पुष्करिणी बांधली. चारी बाजूंना वनं लावली. लोक येत, पाणी पीत, वाहवा करत. काम वाईट नव्हतं. पण जीव त्या पुष्करिणीत इतका अडकला, की मरताना तिचाच विचार राहिला आणि तो तिथेच बेडूक होऊन जन्मला.

मला या कथेची भीती वाटत नाही, पण तिच्यातला इशारा मी विसरत नाही. हौशी लोकांची घरं बघा. एका पेटीच्या चार होतात, चारांच्या बारा. सुट्टीला जायचं तर माश्यांना कोण बघणार, वीज गेली तर फवारा कसा चालणार, ही काळजी. परिग्रह म्हणजे फक्त सोनं आणि साड्या नव्हेत. आपण सजवलेलं पाणी आणि आपण लावलेलं वनही परिग्रह होऊ शकतं.

आता ज्यांच्या घरी बेडूक आधीच आले आहेत, जावयाचे, सुनेचे किंवा मुलाने मित्राकडून आणलेले, त्यांच्यासाठी. पहिलं, खाणं बंद करू नका. दुसरं, जीवदया म्हणून बागेत किंवा ओढ्यात सोडू नका. थंडीत तो मरेल, आणि अंगात रोग असेल तर तिथल्या बेडकांनाही मारेल. तिसरं, दुकानातून बेडूक विकत घेऊन "सोडवण्या"चा विचारही नको; दुकानदार त्या पैशात नवे मागवतो. नीट सांभाळणारा अनुभवी माणूस किंवा संस्था शोधा आणि त्यांना द्या. तोपर्यंत जे खायला घालावं लागेल ते घाला, आणि प्रतिक्रमणात आठवा. हा मार्ग निर्दोष नाही. पण त्यात दोष वाढत नाही, संपत जातो.

आणि मुलाचं काय? त्याला नुसतं "नाही" देऊ नका, हातात काम द्या. काचेतल्या बागेची कल्पनाच एका योगायोगातून आली. १८२९ च्या सुमारास लंडनचे डॉक्टर नॅथॅनियल वॉर्ड यांनी एका पतंगाचा कोश ओल्या मातीसह झाकणाच्या बाटलीत ठेवला होता. बघायचा होता पतंग, पण बाटलीत उगवला नेचा, आणि लंडनच्या धुराड्या हवेत बाहेर न जगणारा तो नेचा आत वर्षानुवर्षं टिकला. म्हणजे काचेतलं जंगल प्राण्यावाचून उभं राहतं, हे पहिल्या बाटलीनेच दाखवलं.

तेव्हा पेटी झाडांचीच करा. तळाला गोळ्यांचा थर, जाळी, काथ्याचं मिश्रण, हे सगळं तेच. फवारा यंत्राने नको, हाताने आणि बेताचा, म्हणजे बुरशी आणि जीव कमी होतील. शेवाळ नको, ते अनंतकाय, आणि विकायला येतं ते बहुतेकदा जंगलातून खरवडलेलं असतं. पेपरोमिया, फिटोनिया, एखादं लहान ब्रोमेलियाड पुरे. झाकण थोडं उघडं ठेवा. तरीही मातीत एखादं चिलट दिसलंच तर औषध मारू नका, पाणी कमी करा. वनस्पती एकेंद्रिय आहेत हे विसरायचं नाही. म्हणून एकच पेटी, हौसेची मर्यादा ठरवून.

आणि बेडूकच बघायचे असतील तर त्यांना बोलवा, आणू नका. अंगण किंवा मागची बाग असेल तर एका कोपऱ्यात कीटकनाशक मारणं बंद करा, पाला साठू द्या, सावली आणि ओल राहू द्या. आपल्याकडे पावसाळ्यात, तिकडे वसंतात, बेडूक आपल्या पायांनी येतील. काय खायचं ते स्वतः शोधतील आणि नको वाटलं की निघून जातील. मुलाला वही द्या, आलेल्या दिवसाची नोंद करू दे, आवाज लिहून ठेवू दे. दार नसलेल्या जागी आलेला जीव ओळखायला शिकला, तर जीवदयेचा धडा त्याला वेगळा द्यावा लागणार नाही.

तुमचं मत वेगळं असेल तर जरूर कळवा. विशेषतः ज्यांनी पेटी सांभाळली आहे, त्यांचं ऐकायला मला आवडेल.

जय जिनेंद्र.